माळ्यावरचा पेंढा आणि माझी छाती

सन १९८३. माझं वय तेव्हा एकसष्ट. शाळेच्या दाखल्यावर कमी आहे, पण दाखला मास्तरांनी अंदाजे केला होता. आई सांगायची तेच मी धरतो. शाळा तिसरीपर्यंत झाली, तेवढ्यात जेवढं येतं तेवढ्यात हे लिहितोय. कुणाची छाती भरत असेल, औषधाने गुण येत नसेल, आणि घरात वर पेंढा असेल, तर त्याने हे वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

आधी घर सांगावं लागेल. त्याशिवाय आजार कळायचा नाही.

घर

आमचं गाव कर्जत आणि नेरळच्या मधे, नदीच्या पलीकडे. घर वडिलांनी बांधलं, मी वाढवलं, मंगलोरी कौलं मी घातली. मधल्या खोलीवर माळा आहे. तुळयांवर कारवीच्या काठ्या जवळजवळ अंथरायच्या आणि त्यावर भाताचा पेंढा रचायचा, पार आढ्याला टेकेपर्यंत. बैलांची वर्षाची वैरण तीच. पण तिचा दुसरा उपयोग मोठा. चैत्र-वैशाखात कौलं तापून हात लावता येत नाही, तरी खाली ताप उतरत नाही. पौष-माघात आतली ऊब वर पळत नाही. लोक पंखे घेऊ लागले तेव्हा मी म्हणायचो, माझ्या घराला पंखा देवाने वर बसवून दिलाय. गावातले लोक उन्हाळ्यात दुपारचे काहीतरी निमित्त काढून यायचे आणि आमच्या मधल्या खोलीत घोरायचे.

मुलाच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा कळंबचे व्याही हिराजीभाऊ त्याच खोलीत बसले होते. ऐन वैशाख. म्हणाले, "व्याही, तुमच्या घरात माठात बसल्यावानी वाटतं." तेवढ्यावर लग्न ठरलं असं मी सांगतो. मंडळी म्हणते, मुलगा खोपोलीच्या कारखान्यात कायम झाला होता म्हणून ठरलं. असेल.

आमच्याकडच्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत. वर हातभर फट राहते. चुलीचा धूर कारवीतून वर जायचा, पेंढ्यातून फिरायचा आणि फटीने बाहेर पडायचा. आमच्या मंडळीचे, यमुनेचे, डोळे त्या धुराने बारा महिने लाल. आदल्या वर्षी ग्रामसेविका बाई आल्या. बिनधुराची चूल बसवा म्हणाल्या, धूर पाइपाने थेट छपराबाहेर. मी नको म्हटलं. मी कर्जतच्या बाजाराला गेलो होतो त्या दिवशी यमुनेने बसवून घेतली. मी दोन वेळा जेवलो नाही. तिसऱ्या वेळी भाकरी चांगली फुगली होती, जेवलो. चूल चांगली निघाली. ते मी तेव्हाच मान्य केलं.

मग मी विचार केला. धूर पाइपाने जातो, तर ही हातभर फट कशाला? तिच्यातून चिमण्या येतात, पावसाची झड येते, थंडीत गार वारा शिरतो. पावसाआधी मी चारही बाजूंची फट बुजवली. कारवीचा कूड विणला, तूस आणि शेण घालून माती मळली, आतून-बाहेरून लिंपलं. गवंडी नाही, मजूर नाही, सगळं माझ्या हाताने. त्या लिंपणात अजून मला खोट काढता येत नाही.

त्या दिवाळीला भात कापून शेतात आडवा असताना अवकाळी पाऊस आला. पेंढा दमट राहिला. लोकांनी बाहेर उन्हात फिरवला. मी तसाच माळ्यावर चढवला. दरवर्षी थोडा ओला असतोच, वर आपोआप सुकतो. वडिलांच्या वेळेपासून सुकत आलेला.

ताप

पौषात सुरू झालं. दुपारी मी माळ्यावर चढून पेंढ्या खाली टाकायचो, बैलांपुढे घालायचो. संध्याकाळी दिवा लागला की अंगात हीव भरायचं. घोंगडी घेतली तरी दात वाजायचे. कोरडा खोकला. श्वास आत घ्यायला जावा तर अर्ध्यावर अडायचा, कुणी छातीवर पाट ठेवल्यासारखा. सकाळी जरा बरं वाटायचं. दुपारी कामाला लागायचो, संध्याकाळी पुन्हा तेच.

हिवताप म्हणून गोळ्या घेतल्या. कडू होत्या, बाकी काही नाही. अंगावरचं मांस उतरलं. नदीचा चढ चढताना मधे थांबायला लागायचं. थांबलो असं कुणाला दिसू दिलं नाही. नदीकडे तोंड करून उभा राहायचो, पाणी किती उतरलंय ते बघतोय असं.

यमुना म्हणायची, "पेंढा मी काढते. तुमी बसा."

मी म्हणायचो, "बैल माझ्या हातचंच खातात."

"बैलांना हात बघायला कुठला येळ. त्यांना पेंढी दिसते."

तरी मीच चढायचो.

डाग

माघात मुलगा काळूराम मला कर्जतला डॉक्टरकडे घेऊन गेला. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "दोन्ही बाजूंना डाग आहेत. क्षय दिसतोय."

मी विचारलं, "कुणाला?"

डॉक्टरांनी काळूरामकडे बघितलं. काळूराम म्हणाला, "आबा, तुमाला."

आयुष्यात मी दवाखान्याची पायरी चढलो नव्हतो. न्हावी सोडला तर माझ्या डोक्यालासुद्धा कुणी हात लावला नव्हता, आणि हा माणूस खिडकीशी उभा राहून माझ्या आतलं सांगत होता. मला राग आला. भीती नंतर आली, रस्त्यात. काळूराम पुढे चालत होता आणि मागे वळून बघत नव्हता. वाटेवर आंब्याखाली थांबला आणि म्हणाला, "आबा, वनिताच्या माहेरी काय सांगू?"

वनिता माझी सून. पहिलं बाळंतपण म्हणून कळंबला गेली होती. दिवस भरत आले होते.

मी म्हटलं, "ताप हाय म्हण. खोटं नाय ते."

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. छातीवर डाग, ताप, खोकला, अंग उतरलेलं. कुणीही तेच म्हणालं असतं. आमच्या गावात त्या वर्षी दोघांना क्षयच होता आणि ते गोळ्यांनीच बरे झाले. माझं हे वाचून कुणी क्षयाच्या गोळ्या सोडू नयेत. माझं वेगळं निघालं, ते पुढे येईल.

बारसं

वनिताला मुलगी झाली. माझी पहिली नात. आमच्या घरात तीन पिढ्या मुलगेच, म्हणून मला तिचं फार अप्रूप होतं. बारशाला आम्ही कळंबला गेलो. तोवर बातमी आमच्याआधी पोचली होती. क्षयाच्या बातमीला गाडी लागत नाही.

हिराजीभाऊ वाईट माणूस नाही. हात धरून मला मांडवाच्या कडेला नेलं, खुर्ची ठेवली. "तुमी इथं वाऱ्याला बसा, व्याही. आत गर्दी हाय. उकडंल तुमाला."

"उकडतंय कुठं? माघ चाललाय."

"तरी पण."

बायका आत पाळणा म्हणत होत्या. मी मांडवाच्या खांबाजवळ. नंतर वनिता दारात आली, पोर उचलून लांबून दाखवलं. लाल फडकं आणि त्यात एवढंसं काळंभोर डोकं. नाव मंदा ठेवलं, हे मला शेजारच्या माणसाकडून कळलं. मी न जेवताच उठलो आणि चालायला लागलो. यमुना मागून धावत आली. तिनेही ताट तसंच टाकलं होतं.

घरी आल्यावर तिने एकाच ताटात वाढलं, तिचं आणि माझं. मी म्हटलं, "वेगळं घे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी तुमाला गप बसायलाबी सांगितलंय. त्ये ऐकता का?"

मी तेवढ्यापुरता गप्प बसलो.

कर्जतच्या डॉक्टरांनी क्षयाच्या सुया चालू केल्या होत्या. चैत्रात मी अंगणात झोपायला लागलो. त्या दिवसांत बैल रानात चरायचे, पेंढा कमी लागायचा. ताप उतरला. सगळे म्हणाले, सुया लागू पडल्या. मीही म्हटलं. पण व्याही म्हणाले, पाऊस जाऊ दे, मग पोर पाठवतो. पाऊस आला, मी आत झोपायला आलो, बैल दावणीला आले, आणि मी पहिल्यापेक्षा वाईट आजारी पडलो.

तेव्हा एका रविवारी काळूराम ओट्यावर बसला. जमिनीकडे बघत म्हणाला, "आबा, मी खोपोलीला खोली बघितली हाय. वनिताला आणि पोरीला तिकडं नेतो."

"हे घर काय पडलं काय?"

"घर नाय पडलं."

"मंग?"

"तुमी बरं व्हा, मंग येतो."

तो उठून विहिरीवर गेला. त्याचं चुकत नव्हतं. पण मला माहीत होतं, खोपोलीला एकदा खोली घेतली की तिथे दोन पाट, दोन हंडे, एक खाट होते, आणि तिथून माणूस सणाला येतो. नात मला सणाला दिसणार होती, तीही लांबून.

मुंबईचा वॉर्ड

श्रावणात मला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वॉर्ड एवढा लांब की या टोकाच्या माणसाला त्या टोकाचा ओळखू येऊ नये. छत उंच, आणि खिडक्या माझ्या घराच्या दारापेक्षा मोठ्या, बारा महिने उघड्या. पहाटे सिस्टर यायच्या, तापाची काच तोंडात, मनगट हातात. मग चहा, त्यात चहा कमी. मग अंघोळीची रांग. दुपारी पातळ डाळ आणि भात. तो भात कसला होता ते मी लिहीत नाही. आमच्याकडे तो आम्ही कोंबड्यांनाही विचारून घातला असता.

भीती तिथे खरी बसली. समोरच्या खाटेवरचा माणूस सकाळी होता आणि जेवणानंतर नव्हता. चादर बदलली, दुसरा आला. मी यमुनेला म्हटलं, "मला इथं नको ठेवू. माझ्या माळ्याखाली मरू दे."

ती खाटेखाली चटई टाकून राहायची. म्हणाली, "मरायचं तर मरा, पण आधी डाळ संपवा."

शेजारी गिरणीतला एक साताऱ्याकडचा माणूस होता. त्याची बायको केळी आणायची, तो न विचारता निम्मी माझ्या उशाशी ठेवायचा. त्याला माझा ताठा माहीत झाला होता. 'घ्या' म्हटलं असतं तर मी घेतली नसती.

आणि एक गोष्ट झाली. चार-सहा दिवसांत माझा ताप गेला. श्वास मोकळा झाला. मी वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारू लागलो. थुंकी तपासली, पुन्हा तपासली, क्षयाचं काही निघेना. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मेवाल्या. त्यांनी माझ्या सुया बंद केल्या, तरी मी बराच. म्हणाल्या, "आजोबा, घरी जा."

मी म्हटलं, "आजोबा म्हणू नका. नात अजून मांडीवर बसली नाय."

घरी आलो. बैल हंबरत होते. पंधरा दिवस काळूरामने कशीबशी वैरण घातलेली, दावणीपुढे सगळा पसारा. मी माळ्यावर चढलो, चांगल्या बारा-पंधरा पेंढ्या खाली टाकल्या. संध्याकाळी दात वाजायला लागले.

बाईंचा प्रश्न

परत मुंबई. बाईंनी खुर्ची ओढली आणि खाटेशी बसल्या. असं कुणी डॉक्टर बसलेलं मी बघितलं नव्हतं.

"इथून गेलात तेव्हा बरे होता. घरी जाऊन काय केलंत? सगळं सांगा."

"काय नाय. पेंढा काढला."

"कुठून?"

सांगितलं. माळा, कारवी, माझी खाट बरोबर खाली. त्या विचारत गेल्या, मी सांगत गेलो. घर सांगायला मला आवडतं, म्हणून फट कशी बुजवली तेही सांगितलं. त्यांनी काळूरामला सांगून एक पेंढी आणवली. तो कापडात बांधून घेऊन आला. बाईंनी मला लांब उभं केलं आणि ती बाहेर गच्चीत झटकली. पांढरी धूळ उडाली, पिठासारखी. कुबट वास.

"ही बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "ओल्या पेंढ्यात वाढते. तुमच्या छातीला ही सोसत नाही. डाग तिचे आहेत."

"माझ्या घरात घाण नाय."

"मी घाण म्हटलं नाही. घर फार चांगलं बंद केलंय, असं म्हणतेय. आतली हवा आतच राहते, आणि तुम्ही ती रोज छातीत घेता."

"हिला कसं काय होत नाय मग?" मी यमुनेकडे बोट दाखवलं.

"त्या पेंढा काढत नाहीत. झोपतात कुठे?"

यमुना म्हणाली, "चुलीच्या खोलीत. यांच्या घोरण्यापायी."

बाई हसल्या. म्हणाल्या, "आणि सगळ्यांच्याच छातीला बाधतं असंही नाही. आता घरी जा, पण त्या माळ्याखाली झोपू नका, पेंढ्याला हात लावू नका. बघा काय होतं."

मला ते पटलं नाही. साठ वर्षं मी त्या पेंढ्याखाली झोपलो. त्याच्याखाली जन्मलो. पण बाईंना खोटं पाडायचं तर त्यांचं ऐकल्याशिवाय पाडता येत नव्हतं. म्हणून ऐकलं.

देवळात मुक्काम

भाद्रपदात मी गावच्या देवळाच्या पडवीत खाट टाकली. गावात पसरलं, म्हातारा घरात भांडून देवळात जाऊन बसला. ज्याला त्याला मी खरं सांगत बसलो नाही. कोण काय म्हणतो ते ऐकायला बरं वाटायचं. एक जण म्हणाला, सुनेने हाकललं. एक म्हणाला, संन्यास घेतला. यमुना तिथेच भाकरी घेऊन यायची आणि म्हणायची, "महाराज, परसाद."

काळूरामने कामाच्या वेळा बदलून घेतल्या आणि पेंढा तो काढू लागला, नाकाला फडकं बांधून.

पडवी तिन्ही बाजूंनी उघडी. वारा इकडून आत, तिकडून बाहेर. झड आली तर पाय भिजायचे. पण माझा ताप गेला तो आला नाही. भाकरी दोनाच्या तीन झाल्या. गणपतीत मी आरतीला पूर्ण आवाजात उभा राहिलो, मधे श्वास न तोडता. काळूराम म्हणाला, "बाईंचं खरं दिसतं, आबा."

मी म्हटलं, "सुया उशिरा लागल्या असतील. काही लोकांना उशिरा लागतात."

"मंग आता माळ्यावर चढून बघता का?"

त्याने चेष्टेत म्हटलं असेल. मी उठलोच आणि थेट घर गाठलं.

यमुना दारात आडवी उभी राहिली. मी तिच्या बाजूने गेलो. माळ्यावर बसून दुपारभर पेंढ्या टाकल्या, लागत नव्हत्या तरी टाकल्या. खाली उतरलो, हात झटकले, म्हटलं, "बघा. काय झालं?" काहीच झालं नव्हतं. चहा घेतला. काळूरामला म्हटलं, बाईंना जाऊन सांग. ओट्यावर पाय पसरून बसलो आणि खूश होतो.

दिवा लागला आणि माझ्या पाठीतून हीव चढलं.

मी ते लपवायला बघितलं. पण दात वाजतात ते कसे लपवणार? यमुनेने घोंगडी आणून टाकली. ओरडली नाही. समोर बसली आणि म्हणाली, "आधी माझ्या डोळ्यांतला धूर तुमचा पेंढा सुकवीत व्हता. धूर गेला पाइपानं, आणि वाऱ्याची वाट तुमी लिंपली. मंग तो वर नासंल नाय तर काय करंल?"

मी तिच्याकडे बघितलं. वडिलांच्या वेळेपासून पेंढा वर आपोआप सुकत आला असं मी म्हणत होतो. आपोआप काही नव्हतं. तिची चूल सुकवत होती.

काळूराम बाजूला उभा होता. मी त्याला म्हटलं, "उद्या माळा खाली करा. आणि कुणी म्हणू नका की मला कुणी सांगितलं. मी सांगतोय."

फोडलं

मला गावकुसाच्या चिंचेखाली बसवलं, वारा माझ्याकडून घराकडे जाईल अशा बेताने. काळूराम आणि भावकीतले गडी फडकी बांधून चढले. सगळा पेंढा खाली आला. खालचे थर काळे-पांढरे, चिकट; ते शेतात नेऊन जाळले. वरचा बरा होता तो वाळवला. गोठ्यापलीकडे चार मेढी रोवून माच केला आणि वैरण तिथे रचली, वरून झाकून, खालून वारा जाईल अशी. कारवी काढली, धुतली, उन्हात टाकली.

घर चार दिवस उघडं ठेवल्यावर फट फोडायची वेळ आली. ते काम मी कुणाला दिलं नाही. बाहेरून शिडी लावली, तोंडाला पटका गुंडाळला आणि पहारीने माझं लिंपण फोडलं. सोपं गेलं नाही. मी आधीच म्हटलं, काम चांगलं होतं. एक-एक तुकडा पडत गेला आणि आत उजेडाची पट्टी पडत गेली. दुसऱ्या बाजूचं फोडलं तेव्हा वारा आरपार गेला आणि आतून यमुना म्हणाली, "माझा पदर उडाला."

चिमण्यांसाठी फटीला बारीक जाळी मारली. झडीसाठी बाहेरून कौलांची एक ओळ पुढे काढली. आढ्याजवळचं एक कौल उचलून खाली दगडाची चिप लावली, म्हणजे वर साठलेली गरम हवा तिथून निघून जाते. आणि एका ठिकाणी काचेचं कौल बसवलं. चूल यमुनेची तशीच, पाइपासकट.

खरं ते सांगतो. घर आता उन्हाळ्यात पूर्वीसारखं गार राहत नाही. दुपारी कौलं तापली की कळतं. गावातले लोक झोपायला येत नाहीत, त्याचं मला बरं-वाईट दोन्ही वाटतं. थंडीत दोन घोंगड्या लागतात. पण हवा घरात थांबून राहत नाही. आली तशी जाते. सकाळी उठलो की नाकात कसला वास नसतो, आणि वास नसणं म्हणजे काय ते मला साठ वर्षांनी कळलं.

ज्यांच्या घरी बिनधुराची चूल आली आहे त्यांना एवढंच सांगतो: चूल ठेवा, बायकांचे डोळे वाचतात. पण धूर गेला म्हणून फट बुजवू नका. आणि ओला पेंढा डोक्यावर घेऊन झोपू नका, मग तो तुमच्या आजोबांनी ठेवला असला तरी. डॉक्टरला फक्त दुखतं कुठे ते सांगू नका. दिवसभर काय करता, कुठे झोपता, तेही सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

मार्गशीर्ष

नवा पेंढा वाळवून माचावर रचून झाला आणि मार्गशीर्षात मी बाईंकडे गेलो. या वेळी पुन्हा फोटो. त्यांनी जुना आणि नवा शेजारी धरला. मला काही कळत नव्हतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. मग मला दवाखान्याचा जिना चढून दाखवायला लावला. मी दोन मजले चढलो. खाली उतरलो तेव्हा त्या हातातलं घड्याळ बघत होत्या.

"छाती साफ आहे," त्या म्हणाल्या. "क्षय नव्हताच. माळ्यापासून लांब राहिलात तर काही होणार नाही."

"माळाच नाय आता."

"मग काय हवंय तुम्हाला?"

मी सांगितलं नाही. नमस्कार केला आणि निघालो.

घरी येताना काळूराम म्हणाला, "बाईंकडनं कागद घेतलाय. कळंबला दाखवू. त्याशिवाय मामंजी ऐकायचे नायत."

"कागद तुझ्याजवळ ठेव."

"आणि त्यांनी नाय म्हटलं तर?"

"माझ्या तोंडावर म्हणू दे."

त्याने कागद खिशात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाला, "खोपोलीच्या खोलीला अजून हो म्हटलेलं नाय मी." मी ऐकलं नाही असं केलं. यमुनेला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. तिने चुलीवरचा तवा उतरवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "उद्या धोतर धुतलेलं नेसा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी धुतलेलं धोतर नेसून एकटाच कळंबला निघालो. एस.टी.ची वाट बघितली नाही, चालत गेलो. तीन कोस आहे, मधे चढ आहे. चढावर थांबलो नाही.

हिराजीभाऊ अंगणात दात घासत होते. तोंडातली राखुंडी तशीच ठेवून बघत राहिले.

"कशानं आलात, व्याही?"

"पायानं."

"एवढ्या सकाळी? एकटं? बसा, पाणी घ्या."

"बसायला नाय आलो. माझी माणसं न्यायला आलोय."

ते माझ्या छातीकडे बघत होते, वरखाली होतेय का ते. मी तोंड मिटून, नाकाने श्वास घेत उभा राहिलो. बराच वेळ त्यांनी बघितलं. मी बघू दिलं. मग त्यांनी चूळ भरली आणि आत आवाज दिला, "वनिते, पोरीला आण."

वनिता दारात आली आणि थबकली. मग पुढे येऊन तिने मंदाला माझ्या हातात दिलं. दहा महिन्यांची झाली होती, अंगाने भरलेली. तिने माझ्या मिशा बघितल्या आणि जो सूर लावला तो घर डोक्यावर घेण्यासारखा. हिराजीभाऊ म्हणाले, "ओळखत नाय ती. द्या इकडं, गप करतो."

मी म्हटलं, "रडू दे. दम चांगला हाय."

वनिताने बोचकं बांधेपर्यंत ती रडली, कळंबच्या स्टँडपर्यंत रडली, गाडीत बसल्यावरही रडली. मी तिला कुणाकडे दिलं नाही.